पाळीवरचा क्लास

मी तासावर शिकवतो. ब्रह्मपुरीच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्राचा प्राध्यापक आहे, पण तासिका तत्त्वावरचा. जेवढे तास घेतो तेवढ्यापुरताच प्राध्यापक, तास नसला की कोणीच नाही. हे गावात कोणाला सांगायची वेळ कधी आली नव्हती. गावाच्या लेखी मी प्रोफेसर होतो, आणि आईच्या लेखी त्याच्याही वर जे काही असतं ते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही ती कधी उघडली नाही.

करोनाने ती उघडायची पाळी आणली. टाळेबंदी लागली, एसटी बंद झाली, कॉलेजला कुलूप लागलं. दोन-अडीच महिने सगळं जगच घरी बसलं होतं, त्यामुळे मी घरी आहे याचं कोणाला काही वाटलं नाही. खरा प्रश्न जूनच्या शेवटी आला. कॉलेजने मोबाईलवरून शिकवणं सुरू केलं आणि विभागप्रमुखांचा मला फोन आला. माणूस भला होता, त्याचा आवाज पडलेला होता. म्हणाला, जे कायम आहेत त्यांच्यातच तास वाटून घ्यायला सांगितलंय, तासवाल्यांना यंदा बोलावणं नाही, पुढचं पुढे बघू. मी "बरं सर" म्हणालो. सात वर्षं शिकवल्यावर माणसाला दोन मिनिटांच्या फोनवर काढता येतं, आणि तो वर "बरं सर" म्हणतो, याचा मला अजूनही राग येतो. कोणावर काढायचा ते मात्र कळत नाही.

आई अंगणात धानाचं बियाणं पाखडत होती. तिने विचारलं, "कोनाचा फोन होता रे बाबू?"

"कॉलेजचा."

"काय म्हनते?"

"आता मोबाईलवर शिकवायचं म्हणतात."

यात एकही शब्द खोटा नव्हता. अशा न-खोट्या वाक्यांचीच मला जास्त भीती वाटते, कारण ती मागे घेता येत नाहीत. आईने सूप खाली ठेवलं आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं की तिचा पोरगा आता मोबाईलमधून पोरं शिकवणार आहे. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

आईबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. ती दहा वर्षांची असल्यापासून रोवणीला जाते. आमच्याकडे धान आधी एका कोपऱ्यात दाट पेरतात, वीतभर वाढलं की ते परे उपटून चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, एकेक करून लावतात. ती रोवणी. उपटायचं काम पुरुषांचं, लावायचं बायांचं. दिवसभर कंबरेत वाकून, उलट्या पावलांनी मागे सरकत. आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हापासून आमच्या घरात शिक्षणाचं वेड शिरलं होतं. ते वेड बाबा गेल्यावर आईने एकटीने सांभाळलं. तिने मला बांधीत कधी उतरू दिलं नाही. लहानपणी मी पऱ्यांच्या पेंढ्या फेकायला म्हणून शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून उतरू लागलो की ओरडायची, "वर हो! तुह्या पायाले चिखल लागला त माही मेहनत पान्यात गेली." चाळिशीला टेकलेला मी, धानाच्या मुलखात जन्मलेला, मला आजही परा धड लावता येत नाही.

आता मोबाईलवर शिकवायचं तर मोबाईलला रेंज पाहिजे. आमच्या गावात घरी फोन कसाबसा लागतो, पण नेटची रेंज मिळते ती एकाच जागी, तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, जिथे मोहाचं झाड आहे. आणि त्या वर्षी रोवणी नेमकी त्या पाळीखालच्या बांध्यांपासून सुरू झाली.

एरवी रोवणीच्या दिवसांत आसपासच्या गावांतल्या बाया ट्रॅक्टरमधून येतात. त्या वर्षी कोणी कोणाला गावात येऊ देत नव्हतं. आमच्या गावानेही वेशीवर लाकडं आडवी टाकली होती, आणि तेलंगणातून कामावरून परतलेली पोरं शाळेत वेगळी ठेवली होती. म्हणून गावातल्याच पंधरा बायांनी दुप्पट तुकडे लावायचे ठरले. पोलिस पाटील पहिल्या दिवशी धुऱ्यावर उभा राहून, दोघींत अंतर ठेवा म्हणून सांगायला आला, तेव्हा एक बाई वाकल्या वाकल्याच म्हणाली, "भाऊ, आमच्या मंदी जेवढी जागा सुटन, तेवढे परे तुमी लावा." तो हसून निघून गेला.

या पंधराजणींचं गाणं एकीच्या गळ्यात होतं. ती गोंडांच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची म्हातारी, सत्तरीच्या पुढची, हाताने कामाला जरा मागे पडणारी. तिला टोळीत घेत ते गाण्यासाठी. ती ओळ टाकायची आणि बाकीच्या उचलायच्या. तिची गाणी ठरलेली नसत. सकाळी गावात जे घडलं असेल ते दुपारी तिच्या गाण्यात आलेलं असे, अर्धं गोंडीत, अर्धं आमच्या बोलीत. कोणाच्या नवऱ्याने ताडीत धोतर हरवलं, कोणाच्या सुनेने भातात मीठ दोनदा टाकलं, सरपंचाची मोटरसायकल नाल्यात कशी बसली. एकदा मी बारावीत पहिला आलो तेव्हा माझ्यावरही तिने गाणं केलं होतं. आईने ते आठवडाभर घरी गुणगुणलं. त्या गाण्याच्या ठेक्यावर पंधरा हात एकदम खाली जात आणि पंधरा पावलं एकदम मागे येत. दुसराही एक उपयोग होता. त्या बांध्या जंगलाला अगदी लागून आहेत, आणि आमच्याकडच्या जंगलात वाघ आहे. खाली वाकलेली, गप्प बाई दुरून जनावरासारखी दिसते. म्हणून गाणं मोठ्याने असायचं.

पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून, वही घेऊन, कानात वायर खोचून पाळीवर गेलो. मोहाखाली सतरंजी टाकली. फोन समोर धरला. पलीकडे कोणीही नव्हतं. खाली गाणं रंगात आलं होतं. मी खाकरून म्हणालो, "विद्यार्थी मित्रांनो, आज आपण बेरोजगारीचे प्रकार पाहणार आहोत."

आईने मान वर केली. तिने हातातली पेंढी खाली टाकली आणि ओळीकडे वळून दोन्ही हात हवेत हलवले. "थांबा वं! गानं बंद करा! त्याचा क्लास सुरू झाला."

गाणं मध्येच तुटलं. म्हातारीने पाळीकडे पाहिलं, कौतुकाने हसली आणि स्वतःच्या तोंडावर बोट ठेवलं.

त्याच क्षणी मला म्हणता आलं असतं, आई, चालू दे, मला त्रास नाही. मी म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या कामासाठी गप्प झालं होतं. मी आवाज चढवला आणि प्रच्छन्न बेरोजगारी समजावून सांगू लागलो: माणूस कामावर दिसतो, पण त्याला काढून टाकलं तरी उत्पादनात काही फरक पडत नाही. उदाहरण पुस्तकातलंच दिलं, शेतीतलं. समोर पंधरा बाया शेतात राबत होत्या आणि त्यांना बघून मी हे बोलत होतो. उंटावरून शेळ्या हाकणारा निदान उंटावर तरी बसलेला असतो.

मग ते रोजचं झालं. सकाळी दहा ते एक, मधे थोडं थांबून. नुसतं हवेशी बोलायला जीव लागेना म्हणून मी फोनवर आवाज रेकॉर्ड करू लागलो. तो लाल ठिपका पेटला की समोर कोणीतरी आहे असं वाटायचं. घरी परतलो की आई पाय धुवायला पाणी द्यायची, स्वतःचे पाय चिखलात पांढरे पडलेले असताना. विचारायची, "बोलून बोलून घसा नाई दुखत?"

आठव्या की नवव्या दिवशी ओळीतली एक मुलगी पाणी प्यायला पाळीवर आली. तोंडाला ओढणी बांधलेली. ती खाली केली तेव्हा ओळखलं, माझ्याच वर्गातली, बी.ए. दुसऱ्या वर्षाची. घरात फोन नव्हता म्हणून तिचं ऑनलाइन शिक्षण सुरूच झालं नव्हतं. पण गोष्टी तिच्या कानावर आलेल्या होत्या, मैत्रिणी होत्या ना.

"सर," ती तांब्याकडे बघत म्हणाली, "आमचे इकॉनॉमिक्सचे क्लास दुसरे सर घेऊन राह्यले म्हने."

मी कानातली वायर काढली.

"मी कोनाले नाई सांगतलं. सांगनार बी नाई." मग तांब्या खाली ठेवून म्हणाली, "पन सर, गान्याबिगर हात चालत नाई. ओळ वाकडी जाते, कंबर धरून राह्यली साऱ्याची. अन् जंगलाच्या कडेले आमी चूप राहून काम करतो, भेव लागते. काल त्या नाल्याकडं पंजे दिसले. तुमचा क्लास अजून किती दिवस हाये?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी म्हणालो, "दोन दिवस." ती "बरं सर" म्हणाली. विभागप्रमुखांना मी म्हणालो होतो, अगदी तसंच.

ते दोन दिवस मी दहा दिवस लांबवले. रोज रात्री ठरवायचं, सकाळी सांगून टाकू. आणि सकाळी आईने शर्टाला तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेली असायची. आईला लाज वाटेल म्हणून मी सांगत नाही, असं मी स्वतःला सांगायचो. ते खोटं होतं. लाज मला वाटत होती. पाळीवरून मला सगळं दिसत होतं. बाया मधूनच कंबरेवर हात देऊन सरळ होत, जंगलाकडे बघत, पुन्हा वाकत. एकमेकींशी बोलायच्या त्याही खुणांनी. कोणाला हसू फुटलं की म्हातारी तिला दटावायची. उलट्या पावलांनी ती ओळ दिवसभर माझ्याच दिशेने सरकत यायची, आणि जसजशी जवळ येई तसतशी जास्त जपून, पाय न वाजवता. चिखलातून पाय न वाजवता काढणं किती अवघड असतं ते मला नंतर कळलं. पंजे पाहिलेल्या बाया माझ्या नसलेल्या क्लाससाठी गप्प राहिल्या, अठरा दिवस.

अठराव्या दिवशी शेवटची बांधी उरली होती. आमच्याकडे रोवणीच्या शेवटच्या दिवशी बाया शेतमालकाला चिखल फासतात, वाटेने जाणाऱ्यालाही सोडत नाहीत, आणि गोड जेवण मागतात. तो दिवस वर्षातला सगळ्यात मोठ्या गाण्याचा. त्या दिवशीही सकाळपासून सामसूम होती. कारण मी सवयीने सतरंजी टाकून बसलो होतो.

दुपारी मला ते सहन होईना. चपला पाळीवर काढल्या, धुऱ्यावरून उतरलो आणि बांधीत पाय टाकला. गुडघ्यापर्यंत गेला. आई ओरडली, "वर हो! कायले उतरला?"

मी म्हणालो, "आई, क्लास नाही. पहिल्या दिवसापासून नव्हता. मला कॉलेजने काढलंय."

माझी कल्पना होती की ती रडेल, किंवा कॉलेजला शिव्या देईल. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती सावकाश सरळ झाली. माझ्याकडे बघितलं, मग ओळीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"मंग आमचं गानं काऊन बंद केलं?" ती म्हणाली.

एवढंच. नोकरीचं तिने विचारलंही नाही. ती वळली आणि उरलेले परे लावू लागली. पुढे तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

बाकीच्या बाया कुठे बघावं ते न कळून उभ्या होत्या. म्हातारीच पुढे आली. चिखलाचा गोळा उचलला आणि माझ्या इस्त्रीच्या शर्टावर छातीवर थापला. हसू लागली. "जाऊ दे वं," आईला म्हणाली, "काम गेल्यावर मानूस येडा होते. माह्या बुढ्याचं जंगलतोडीचं काम सुटलं तवा थो बी रोज कुऱ्हाड घेऊन जाये अन् झाडाखाली बसून येये."

मी म्हणालो, "आजी, आता तरी गा."

तिने खोकल्यासारखा आवाज करून गळा चाचपला. पावसात अठरा दिवस काढलेले होते. मग मान हलवली. "आता कुठी गातं. दोनच ओळी लावाच्या राह्यल्या. पुढल्या साली गाऊ, बापा. तुह्यावरच गाऊ, पाळीवरचा मास्तर म्हनून."

मला हसू आलं. वाटलं, चला, सुटलो. पुढल्या साली ती माझी यथेच्छ टिंगल करील आणि फिटंफाट होईल.

पुढल्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली. पहिली आमच्याकडे बातम्यांतूनच आली होती, ही घरोघर आली. मोहफुलं वेचायचे दिवस होते आणि झाडाखाली फुलं तशीच पडून राहिली. टोल्यावर म्हातारीला ताप भरला. तपासणीला जायला ती तयार नव्हती, आणि न्यायला गाडीही नव्हती. पाचव्या दिवशी ती गेली. एरवी त्यांच्यात माणूस गेलं की सगळा टोला जमतो, ढोल वाजतो, रात्रंदिवस गातात. गावातल्या कितीतरी लग्नांत आणि मरणांत तीच गायली होती. तिच्या मातीला पाचजण होते, तोंड बांधलेले, एकमेकांपासून लांब उभे. कोणी गायलं नाही. आई टोल्याच्या वाटेवर अर्ध्यापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहून परत आली.

म्हणजे ती तिची शेवटची रोवणी होती, आणि ती मी मुकी करून टाकली होती. मला हे कोणी बोलून दाखवलं नाही. बोलायला पाहिजे होतं.

कॉलेज नंतर उघडलं. मला पुन्हा तास मिळाले, पहिल्यापेक्षा कमी, पण मिळाले. मी पुन्हा सकाळच्या एसटीने जातो. ती मुलगी मात्र कॉलेजात परत आली नाही. सिंदेवाहीकडे भाताच्या संशोधन केंद्रावर रोजाने जाते असं ऐकलं. एकदा बसमध्ये दिसली. "सर, बरे हाये ना?" म्हणाली. मी तिला परीक्षेचा अर्ज बाहेरून भरता येईल असं सांगितलं, आणि ती "बरं सर" म्हणाली.

गेल्या वर्षी फोन बदलताना जुन्यातल्या फायली नव्यात घेत होतो. त्यात पाळीवरचे ते दिवस सापडले. मी पुसायला निघालो होतो. का कोण जाणे, एक लावली. माझा आवाज होता, फार ठामपणे काहीतरी सांगणारा, ऐकवेना असा. त्याच्या मागे पाण्यात पाय पडल्याचा बारीक आवाज. मग एका ठिकाणी मी श्वास घ्यायला थांबलो होतो, आणि तिथे म्हातारी होती. मी ती फाईल कोणाला ऐकवली नाही. कोणत्या तोंडाने ऐकवणार होतो?

यंदा रोवणी पुन्हा पाळीखालच्या बांध्यांत होती. आता बाया धुऱ्यावर पिशवीत स्पीकर ठेवतात, त्यातून गाणी वाजतात, वाघालाही ती चालतात म्हणे. रविवार होता. आईची भाकर घेऊन मी गेलो तेव्हा बाया पाळीवर मोहाखाली जेवायला बसल्या होत्या. गलका चालला होता. म्हातारीची सून डबा उघडत म्हणाली, "या स्पीकरच्या गान्यात काई मजा नाई. माह्या सासूचा आवाज कोनाच्या मोबाईलमंदी राह्यला असता त पोराईले ऐकवला असता. एक फोटो हाये, पन फोटो का गाते?"

आई माझ्याकडे बघत होती. तिला काही माहीत नव्हतं, ती नुसती भाकरीसाठी बघत होती.

मी म्हणालो, "माझ्याकडे आहे."

मग काय आहे ते सांगितलं, की गाणं नाही. सून म्हणाली, "लाव." मी फोन सगळ्यांच्या मधोमध ठेवला आणि आवाज पूर्ण चढवला. बायांचं बोलणं चालूच होतं, कोणी हसत होतं, कोणी लोणचं मागत होतं. फोनमधून माझं अर्थशास्त्र येऊ लागलं आणि दोघी-तिघी त्याला हसल्या. मी मान खाली घातली. मग माझा आवाज थांबला, आणि मागून, चिखलातून, दबका, लाडाचा, तिचा आवाज आला:

"चूप राहा वं पोरीहो. आपला मास्तर शिकवून राह्यला."

आणि मोहाखाली बसलेल्या सगळ्या बाया, हातातला घास हातात, तिच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा एकदा चूप झाल्या.